मच्छेच्या माळावरचे सुईवाले

जंतूंचं आणि किस्स्यांचं एक बरं असतं. एकटा कधी सापडत नाही! एक दिसला की खुशाल समजावं, मागं खंडीभर आहेत. फरक एवढाच, की जंतूला वाढायला शोरबा लागतो, ऊब लागते, वरून कापसाचा बोळा लागतो. किस्स्याला चार रिकामी माणसं आणि चहा पुरतो. आता चहा आलाच आहे, तर ऐका.

आमची कंपनी औषधांची. हेड ऑफिस मुंबईला. खोकल्याचं सिरप, डोकेदुखीचा बाम, असला गोडगोड माल सगळा तिकडं. आणि जंतूंचा संसार मात्र आमच्या गळ्यात! बेळगावची हवा थंड, म्हणून जवळच्या मच्छे गावाच्या माळावर कौलारू शेड बांधून कंपनीनं तिथं लस करण्याची लॅब काढली होती. पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची लस, टायफॉइडची लस. ही गोष्ट इंग्रज असतानाची. त्या काळात लस म्हणजे विलायतेहून बाटलीत येणारी वस्तू, अशी सगळ्यांची समजूत. ती आमच्या माळावर होत होती, आणि आम्ही करत होतो. आज इतक्या वर्षांनीही हे सांगताना माझी छाती फुगते. फुगू दे!

मी खानापूरकडच्या शेतकऱ्याचा पोरगा. बी.एस्सी. झालो आणि तिथं चिकटलो. घरी जाऊन सांगितलं, जंतू वाढवायची नोकरी लागली. आई म्हणाली, "घरात काय कमी हायत व्हय?" आप्पा म्हणाले, "लोकं शिकून जंतू मारत्यात. आमचं शिकून त्येस्नी वाढवाय लागलंय!"

लॅबचे प्रमुख डॉक्टर हेरेकर. डोक्याला लख्ख टक्कल, डोळ्यांना जाड चष्मा, आणि जिभेला हाड नाही. निंगाप्पाकडं ऑटोक्लेव्ह, म्हणजे वाफेनं सगळं निर्जंतुक करायचं ते मोठं यंत्र. तो त्याला भट्टी म्हणायचा. आणि गंगाक्का! वडगावच्या विणकराच्या घरातली बाई. काचसामान धुणं आणि टेस्ट ट्यूबना कापसाचे बोळे बसवणं हे तिचं काम, आणि सगळ्यांना धाकात ठेवणं ही तिची आवड. डॉक्टरसुद्धा चपला बाहेर काढायला विसरले, तर गंगाक्काची हाक बेळगावच्या कॅम्पापर्यंत ऐकू जायची.

एकच काळजी आम्हाला जन्मभर पुरली. हेड ऑफिसला आमची लॅब डोळ्यात खुपत होती. तिथले कीर्तिकर साहेब दर वर्षी यायचे आणि तेच म्हणायचे, की विलायती लस आणून आपलं लेबल डकवलं तर कमी कटकट होईल. हे ते इंग्रजीत म्हणायचे. साहेब पक्के मराठी, पण मराठी बोलताना त्यांना आम्ही कुणी कधी ऐकलं नव्हतं.

* * *

जंतू वाढवायचे तर त्यांना खायला घालावं लागतं. त्यांचं खाणं म्हणजे मांसाचा पातळ शोरबा. परदेशी पुस्तकात गाईचं मांस लिहिलेलं. डॉक्टर म्हणाले, "ज्याच्या अंगात लस घालायची, त्याला आत काय आहे ते तोंडावर सांगता आलं पाहिजे. आपण बोकड वापरायचा." हेड ऑफिस म्हणालं, महाग पडेल. डॉक्टर म्हणाले, पडू दे!

झालं. रोज सकाळी बेळगावहून सायकलवर बोकडाचं मटण यायचं आणि निंगाप्पा ते तांब्याच्या हंड्यात रटरटत ठेवायचा. वारा फिरला की तो वास थेट मच्छे गावात. लोक नांगर थांबवून हुंगत उभे राहायचे!

एक दिवस गावातला एक गडी नोकरी मागायला आला. मी म्हटलं, पगार फार नाही. तो म्हणाला, "पगाराचं ऱ्हाऊ द्या वो. जेवान हितंच न्हवं?"

मी त्याला समजावलं, की बाबा रे, ते मटण आम्ही खात नाही. ते जंतूंसाठी आहे. त्यानं शेडकडं बघितलं. मग पटका सारखा करत म्हणाला, "आमी दिसभर राबतोय, आमाला सणाला मटण. आनि तुमचा जंतू नुस्ता पडून खातोय, त्येला रोज!"

तेव्हापासून आमच्या लॅबचं गावातलं नाव 'जंतूंची खानावळ'. पत्ता विचारताना कंपनीचं नाव सांगितलं तर लोक चुकीची वाट दाखवायचे. खानावळ म्हटलं की दारात आणून सोडायचे.

* * *

दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी. हत्यारांची पूजा. शेतकऱ्याच्या घरी नांगराची, विणकराच्या घरी मागाची. मग लॅबमध्ये कशाची? निंगाप्पानं डॉक्टरांना न विचारता ठरवून टाकलं. ऑटोक्लेव्हला हार घातला, मायक्रोस्कोपला हळदकुंकू लावलं, आणि जंतू उबवायच्या गरम पेटीत, देवी आतच असणार म्हणून, झेंडूची फुलं वाहिली. आत! जंतूंच्या काचेच्या बरणी-प्लेटांच्या मध्ये!

दसरा झाला. आम्ही पेटी उघडली. आत जंगल माजलं होतं! हिरवी बुरशी, काळी बुरशी, केसाळ, लोकरीसारखी. पटकीचे जंतू बिचारे कोपऱ्यात सापडतात का बघावं लागलं. बॅच गेली.

निंगाप्पा हात जोडून उभा राहिला. डॉक्टरांनी प्लेट उचलली, उजेडात धरली, चष्मा वर केला. आम्ही म्हटलं, आता ह्याची नोकरी गेली. डॉक्टर म्हणाले, "निंगाप्पा, देवी पावली रे तुला. पण आपण मागितलं एक आणि तिनं दिलं भलतंच!"

पूजा मात्र बंद झाली नाही. डॉक्टर म्हणाले, पूजा आपली आहे, ती होणारच. फक्त पुढच्या वर्षापासून नियम निघाला. नारळ, फुलं, सुपारी, सगळं आधी ऑटोक्लेव्ह करायचं आणि मग वाहायचं, तेही पेटीच्या बाहेर. वाफेतून निघालेला झेंडू तुम्ही बघितलाय का? निंगाप्पानं ते ताट हातात घेतलं आणि रडकुंडीला येऊन म्हणाला, "अय्यो शिवा! साहेब, देवीला फूल वाह्यलंय का भाजी वाढलीया?"

* * *

आता आमच्या लॅबचा खरा कायदा सांगतो. तो कुठं लिहून ठेवलेला नव्हता, पण मोडायची कुणाची छाती नव्हती. आधी आपल्या दंडात!

पहिली बॅच झाली तेव्हाची गोष्ट. सशांवर, गिनीपिगांवर सगळ्या तपासण्या झाल्या होत्या. लस पास झाली होती. बाटल्या खोक्यात भरणार, इतक्यात डॉक्टरांनी शर्टाची बाही वर केली आणि मला म्हणाले, "पाटील, टोचा." मी म्हटलं, डॉक्टर, ती पास झालीय. ते म्हणाले, "सशांनी पास केली. आपण कुठं केलीय?"

त्यांच्यानंतर मी घेतली. मग निंगाप्पानं, मग गंगाक्कानं. तेव्हापासून रीतच पडली. बॅच ज्याच्या हातून गेली, त्यानं पहिली सुई आपल्या दंडात घ्यायची आणि मगच खोक्याला खिळे ठोकायचे.

ती लस काही आजच्यासारखी सभ्य नव्हती! दुसऱ्या दिवशी दंड टम्म सुजायचा. हात वर उचलायचा म्हटलं की डोळ्यांत पाणी. नवी बॅच निघाली की आख्खी लॅब डावा हात लोंबकळत ठेवून फिरायची. माझी बायको तर पंचांग बघितल्यासारखी माझा दंड बघून सांगायची, "आज बॅच निघाली वाटतं."

बेळगावला जाणाऱ्या सर्व्हिस मोटरचा कंडक्टरही तयार झाला होता. मी चढलो, तिकिटासाठी उजव्या हातानं डाव्या खिशात चाचपडायला लागलो, तर तो म्हणाला, "ऱ्हाऊ दे अण्णा, सावकाश काढा. डावा हात लोंबतोय म्हंजे खानावळीतलं माणूस. ए, सरका रं, सुईवाल्यास्नी बसाय जागा द्या!"

नोकरीत मला बढत्या मिळाल्या, घड्याळही मिळालं. पण त्या मोटरीत मिळालेल्या जागेसारखा मान पुन्हा नाही मिळाला.

* * *

एका उन्हाळ्यात निपाणीकडं पटकीची साथ आली. कंपनीनं लस पाठवली आणि टोचायला आम्हालाही. तंबाखूच्या वखारीत बायकांची रांग लावायची होती. नुसत्या वासानं आमच्या शिंका थांबेनात. बायका तोंडाला पदर बांधून पानं निवडत होत्या आणि आमच्याकडं ढुंकूनही बघत नव्हत्या.

त्यांची म्होरकी शेवंताक्का. ठेंगणी, ठसठशीत, कपाळाला रुपयाएवढं कुंकू. मी पंधरा मिनिटं भाषण केलं. जंतू म्हणजे काय, लस म्हणजे काय, सगळं. ती शांतपणे ऐकून घेऊन म्हणाली, "लई ग्वाड बोलतासा. तुमी सोता घेतलीसा का?"

"घेतली की."

"कवा?"

"काल."

"दावा बघू दंड."

मी बाही वर केली. दंड लाल झाला होता, पण शेवंताक्काचा डोळ्यांवर विश्वास नव्हता. तिनं अंगठा रोवला आणि असा दाबला, असा दाबला, की मी वखारीचे पत्रे हलतील एवढ्या जोरानं ओरडलो!

शेवंताक्का मागं वळली. "खरं हाय गं! वरडला!"

सगळी वखार खो खो हसली, आणि हसता हसताच रांग लागली. पण गोष्ट तिथं थांबली नाही. बाई हुशार! तिनं कायदाच केला. टोचायला येणारा कुणीही असो, आधी दंड दाबून बघायचा. वरडला तरच सुई घ्यायची. पुढच्या खेपेला निंगाप्पा आला होता. शेवंताक्का त्याच्यापासून चार हात लांब होती, तेवढ्यात हा बोंबलला, "आई आई आई!"

शेवंताक्का म्हणाली, "आरं बाबा, हात तर लावू दे!"

* * *

बेचाळीस साल. सगळीकडं धरपकड चाललेली. कुणीतरी चुगली केली, की माळावरच्या शेडमध्ये रात्रंदिवस काहीतरी उकळतं, बाटल्या भरतात, दार कायम बंद. फौजदार शिपाई घेऊन दारात हजर!

डॉक्टर बाहेर आले. फौजदार म्हणाला, "आत कोण लपलंय?"

"लाखो आहेत," डॉक्टर म्हणाले. "पण तुम्ही कितीही मारलं तरी एकही बोलणार नाही."

फौजदाराला थट्टा कळली नाही. तो तडक आत घुसला. ऑटोक्लेव्ह उघडायला लावलं, खोकी उलथी केली, आणि शेवटी उबवायच्या पेटीतली एक प्लेट काढून बोट लावणार, एवढ्यात मी सांगितलं, "साहेब, त्यात पटकी आहे. जिवंत."

माणसाचा चेहरा एवढ्या लवकर पांढरा होतो हे मला त्या दिवशी कळलं. प्लेट अलगद जागेवर गेली आणि फौजदार दाराकडं निघाला. दारात डॉक्टर आडवे उभे! "थांबा. आत आलात तुमच्या हुकमानं. बाहेर जाणार माझ्या हुकमानं. गंगाक्का, पाणी आण!"

मग त्या फौजदाराला आणि त्याच्या शिपायांना गंगाक्कानं कोपरापर्यंत हात धुवायला लावले. एकदा धुऊन भागलं नाही. "नखात ऱ्हायलंय बघा! पुन्यांदा!" सरकारचे हात आमच्या गंगाक्कानं धुऊन घेतले. पट्टे-टोप्यांसकट ती सगळी माणसं शाळेतल्या पोरांसारखी ओळीनं उभी होती. आमच्या शेडला त्यानंतर कुणी हात लावला नाही.

* * *

खरं संकट मात्र पोलिसांनी नाही, जपाननं आणलं.

पटकीचे जंतू शोरब्यात नुसते तरंगून चालत नाहीत. लस करायची तर त्यांना बसायला घट्ट गादी लागते. शोरब्यात एक पदार्थ घातला की तो खरवसासारखा थिजतो. त्याचं नाव अगर. आणि आगबोटीनं येणारा सगळा अगर जपानचा! लढाई पेटली, अगर बंद झाला. कीर्तिकर साहेबांचा निरोप आला, की आता लॅबला कुलूप लावलेलं बरं. ज्यांना यायचं त्यांनी मुंबईला सिरपच्या कारखान्यात यावं, बाकीच्यांनी घरी जावं.

निंगाप्पाला मुंबई नको होती. गंगाक्काला तर शक्यच नव्हती. मला सिरप ढवळायचं नव्हतं. आणि डॉक्टर? त्यांनी लग्न केलं नव्हतं. ती शेड हाच त्यांचा प्रपंच होता. निरोप वाचून ते एवढंच म्हणाले, "जंतूंच्या गादीसाठी घर मोडायचं?"

मग सुरू झाले प्रयोग. जिलेटिन घातलं. थंडीत छान थिजलं, पेटीच्या उबेत गेलं की पाणी! साबुदाणा शिजवून झाला. नाचणीची आंबील झाली. ती निंगाप्पा म्हणाला फेकायची नाही, आणि त्यानं ताक घालून पिऊन टाकली.

गादी थिजली की नाही हे बघायची डॉक्टरांची एक पद्धत होती. प्लेट उचलायची, आपल्या डोक्यावर न्यायची आणि उपडी करायची. थिजली असेल तर राहील, नसेल तर टकलावर! रोज सकाळी आम्ही फडकं घेऊन तयार असायचो. मुलाखत द्यायला आलेला एक नवा केमिस्ट हे बघून पळूनच गेला.

शेवटी डॉक्टरांनी कुठंतरी वाचलं, की अगर समुद्रातल्या शेवाळापासून होतो. म्हणजे जपानच्याच समुद्रात उगवतो असं थोडंच आहे? त्यांनी मला मालवणला पिटाळलं. ओहोटीला खडकांवरून घसरत, पाय सोलून घेत मी पोती भरली आणि आंबोलीच्या घाटानं कोळशावर चालणाऱ्या मोटरीतून परत आलो. त्या वासानं माझ्याशेजारी कुणी बसलं नाही. सुईवाल्याचा मान सगळा घाटात गेला!

जकातीच्या नाक्यावर कारकुनानं अडवलं. "पोत्यात काय हाय?"

"समुद्रातलं गवत."

"म्हशीला?"

"नाही. जंतूंना."

त्यानं पोत्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "तुमी त्या खानावळीतलं न्हवं?" तो म्हणाला. "म्हंजे मटण हायच, आनि आता वर कोशिंबीर बी!"

ते शेवाळ आम्ही धुतलं, उकळलं, गाळलं. गाळायचं विलायती कापडही लढाईनं बंद पाडलं होतं. गंगाक्काच्या नवऱ्यानं मागावरची लुगड्याची वीण बदलून आम्हाला घट्ट विणीचं कापड विणून दिलं. मग बर्फात गोठवायचं, वितळवायचं, पुन्हा गोठवायचं. एवढं करून निघाला तो अगर जपानच्यासारखा पांढराशुभ्र नव्हता. गढूळ, पिवळट, गुळवणीच्या रंगाचा.

डॉक्टरांनी प्लेट उचलली. डोक्यावर नेली. उपडी केली.

आम्ही फडकं धरून उभे. काही पडेना. डॉक्टर तसेच, हात वर धरून, डोळे मिटून उभे राहिले. गंगाक्का पुढं गेली, टकलावरून हळूच हात फिरवला आणि म्हणाली, "कोरडं हाय!"

डॉक्टरांना रडताना मी तेव्हा एकदाच बघितलं. आम्हीही काही हसत नव्हतो.

* * *

आता शेवटचा. हा मी नेहमी राखून ठेवतो.

मालवणी अगरवर आमची पहिली बॅच झाली. सशांनी पास केली, गिनीपिगांनी पास केली, आणि रीतीप्रमाणं आम्ही सगळ्यांनी आपापल्या दंडात घेऊन पास केली. कीर्तिकर साहेब मुंबईहून आले. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या पुढं ठेवल्या. साहेबांनी बघितल्या आणि इंग्रजीत म्हणाले, "माल चांगला आहे, मान्य. पण डॉक्टर, ससे लस घेत नाहीत, माणसं घेतात. मच्छेच्या माळावर, मालवणच्या गवतावर वाढवलेली लस कोण टोचून घेणार? लोकांना विलायती लेबल लागतं."

"निपाणीला साथ आहे," डॉक्टर म्हणाले. "येऊन बघा."

साहेब म्हणाले, "बघतो. घेतली तर लॅब राहील. नाही घेतली तर उद्या सकाळी कुलूप." आणि ते खरंच बोलत होते. कुलूप त्यांच्या बॅगेत होतं, नवंकोरं! ते त्यांनी टेबलावर काढून ठेवलं.

डॉक्टर लॅबमध्येच थांबले. साहेब, मी आणि निंगाप्पा निपाणीच्या वखारीत पोचलो. साहेब सुटाबुटात, नाकाला रुमाल. शेवंताक्का पुढं आली. माझा दंड दाबला, मी ओरडलो. निंगाप्पाचा दाबला, तो ओरडला, ह्या वेळी दाबल्यावर. मी मनात म्हटलं, झालं, आता रांग लागणार.

शेवंताक्का साहेबांपुढं उभी राहिली. "हे कोन?"

"हेड ऑफिसचे मोठे साहेब," मी म्हटलं.

"मोठं हायत तर त्यांनी पयलं घ्याय पायजे." आणि मी मध्ये पडायच्या आत तिनं कोटावरून साहेबांचा डावा दंड पकडला, अंगठा रोवला आणि दाबला.

साहेब गप्प.

तिनं पुन्हा दाबला. साहेब नुसते बघत राहिले.

"ह्यो वरडंना गं!" शेवंताक्का ओरडली. "ह्येनं घेतलीच न्हाय! आचारीच जेवंना, मग पंगत कशी बसंल?"

निम्म्या बायका उठल्या होत्या, त्या परत जाऊन तंबाखूपाशी बसल्या. माझ्या डोळ्यांपुढं ते टेबलावरचं कुलूप आलं.

साहेबांनी मला इंग्रजीत विचारलं, "काय म्हणतेय ती?"

त्यांना सगळं कळलं होतं, हे त्यांच्या कानांच्या लाल पाळ्यांवरून मला दिसत होतं. तरी मी सांगितलं, अक्षरही न गाळता. आचारी जेवत नाही म्हणतेय.

साहेबांनी कोट काढला आणि निंगाप्पाच्या हातात दिला. बाहीचं बटण काढलं. दंड माझ्यापुढं केला. मी सुई भरली आणि टोचली.

शेवंताक्का अगदी जवळ येऊन, सुई आत जाऊन बाहेर येईपर्यंत बघत होती. मी विचारलं, "आता दाबून बघता?"

"आज कशाला? दुखणं उद्या यील," ती म्हणाली. "पर घेताना बघितलंय न्हवं म्या. चला गं, उठा!"

अशी रांग लागली, की वखार संपून रस्त्यापर्यंत गेली. शेजारच्या वखारीतल्या बायका आल्या, गाडीवान आले, एक हमाल तर बारशाला निघालेली आख्खी मंडळी घेऊन आला. संध्याकाळच्या आत आमची खोकी रिकामी! परतीच्या वाटेवर मोटर संकेश्वरला पाणी प्यायला थांबली, तेव्हा साहेबांनी डावा दंड हळूच चाचपून बघितला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सगळे टेबलाभोवती उभे होतो. टेबलावर ते कुलूप, पलीकडं डॉक्टर. साहेब डाक बंगल्यावरून आले. तोच सूट, तोच टाय. डावा हात अंगाशी धरलेला. घसा खाकरून त्यांनी इंग्रजीत सुरुवात केली, की डॉक्टर हेरेकर, मी जो निर्णय घेतलेला आहे तो असा, की...

"थांबा जरा," गंगाक्का म्हणाली. ओले हात पदराला पुसत ती गर्दीतून पुढं आली. "निर्नय ऱ्हाऊ द्या. आदी दंड बघू."

आणि कापसाचे बोळे ठासून ठासून लोखंडासारखा झालेला तिचा तो अंगठा साहेबांच्या दंडात रुतला.

"आई गं ऽऽऽ!"

कौलावरची कबुतरं उडाली. साहेब दंड धरून मटकन खुर्चीत बसले, आणि बसल्या बसल्या, डोळ्यांत पाणी असताना, हसायला लागले.

गंगाक्का आमच्याकडं वळली.

"वरडला! बॅच पास!"